पावसाळ्याची पेटी

कर्जत स्टेशनाच्या पलीकडे, रेल्वे चाळींच्या मागच्या अंगाला, वीस-बावीस ख्रिस्ती घरं होती आणि त्या सगळ्यांना मिळून एकच सुतार होता, गिदोन मिस्त्री. लग्नाचा पलंग त्याने करायचा, बाळाचा पाळणा त्याने करायचा आणि शेवटची पेटीही त्यानेच. पहिल्या दोन कामांची वर्दी लोक महिनाभर आधी देत. तिसऱ्याची कोण देणार?

माणूस किडकिडीत, कानावर पेन्सिल, डाव्या अंगठ्याला नख नाही. बोलणं इतकं हळू की गिऱ्हाइकाने दोनदा "काय?" विचारल्याशिवाय व्यवहार ठरत नसे. टेबल कधी मिळेल विचारा, पाट कधी मिळेल विचारा, उत्तर एकच: "बघू, प्रभूची इच्छा." हे तो त्याच सुरात म्हणायचा ज्या सुरात दुसरा एखादा "बघू, गाडी कधी येते" म्हणतो.

उन्हाळ्या-हिवाळ्यात पेटीचं काही अडत नसे. सकाळी माणूस गेला तर दुपारपर्यंत फळ्या कापून, ठोकून, रंधा मारून तयार. पण कर्जतचा पाऊस म्हणजे चार महिने घाटावरून ओतलेलं पाणी. लाकूड फुगतं, करवत अडकते, सरस सुकत नाही. गिदोनच्या बापाच्या काळात एका म्हातारीला ओल्या लाकडापायी दोन दिवस घरात ठेवावं लागलं होतं, आणि ज्यांनी ते दोन दिवस काढले ते अजूनही नाकाला पदर लावूनच ती गोष्ट सांगत. तेव्हापासून रिवाज पडला. मृग लागायच्या आत एक पेटी करून ठेवायची. आतून सहा फूट, म्हणजे कोणालाही चालेल अशी. तिला म्हणायचं पावसाळ्याची पेटी. ती मिस्त्रीच्या कारखान्यात माळ्यावर आडवी पडून राहायची, आणि चार महिने वस्तीतलं कोणी कारखान्यावरून जाताना मान वर करायचं नाही.

दिवाळीपर्यंत ती रिकामी राहिली, तर खाली उतरवून मोडायची आणि प्रार्थनाघरासाठी तिचं बाक करायचं. असं बासष्टचं बाक होतं, त्रेसष्टचं होतं, पासष्टचं होतं. दामू मास्तर, उंची पाच फूट आणि जीभ सहा फूट, म्हणायचे, "बसा बसा, घट्ट बसा! खाली आपलंच न आलेलं मरण हाय, उठून पळायला नको."

अडुसष्ट साली मात्र हसणं कमी झालं.

त्या वर्षी मे महिन्यात गिदोनच्या बायकोला, आवडीला, मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं होतं. तिच्या ओटीपोटात गाठ होती. डॉक्टर घाईचा माणूस, एकेक शब्द टाक्यासारखा घालणारा: "गाठ. मोठी. कापावी लागेल. खाट रिकामी झाली की पत्र पाठवू. आलात तर ठीक. नाही आलात तर गाठ थांबणार नाही." गिदोनला त्यातला "नाही आलात तर" तेवढा नीट ऐकू आला नाही. "कापावी लागेल" मात्र कर्जतपर्यंत गाडीच्या चाकांबरोबर वाजत राहिलं.

घरी आल्यावर आवडीला जमिनीवरून उठता येईना, म्हणून त्याने तिच्यासाठी खाट करायला घेतली. त्याची काम करायची एक पद्धत होती. आकडे तो लिहीत नसे. ज्या वस्तूचं माप हवं तिच्या लांबीची लाकडी पट्टी कापायची आणि कोपऱ्यात उभी करून ठेवायची. आवडीला त्याने दाराच्या चौकटीला उभं केलं, पट्टी पाठीशी लावली, डोक्यावर काटकोनी गुण्या टेकवून पेन्सिलीची रेघ मारली.

"ताठ राहा गं. खांदे पाडू नको."

"ताठच हाय मी. तुमीच वाकून बघताय."

रेघेवर पट्टी कापली. त्या मापावर वीतभर लांबी सोडून खाट झाली, आणि पट्टी कोपऱ्यात पेटीच्या सहाफुटी पट्टीशेजारी जाऊन उभी राहिली.

जूनच्या चौथ्या तारखेला आभाळ काळं झालं. पळसदरीहून आणलेल्या आंब्याच्या फळ्या अंगणात पडल्या होत्या. गिदोन धावतपळत कापायला बसला. आत आवडी कण्हत होती. हात करवतीवर आणि कान घरात. पट्टी उचलली, रेघा मारल्या, तळ कापला, बाजू कापल्या, झाकण कापलं. पहिली सर आली तेव्हा शेवटचा खिळा बसला होता. मग दोन पावलं मागे सरून त्याने पेटीकडे पाहिलं.

पेटी आखूड होती. कोपऱ्यात सहाफुटी पट्टी तशीच उभी होती, आणि त्याच्या हातात होती ती आवडीची.

लाकूड संपलं होतं. खालापूरच्या वखारीतून आणावं तर पाऊस लागला. ओल्या फळीचा तुकडा जोडावा तर महिन्याभरात सांधा सुटणार. त्याने ती पट्टी पोत्याखाली सारली, सदूला हाक मारली आणि पेटी माळ्यावर चढवली. सदू रेल्वेत सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलून देणारा, शेजारच्याच चाळीतला. वर चढवता चढवता म्हणाला, "मिस्त्री, यंदा हलकी हाय!"

"आंबा हाय. वाळलेला."

"आंबा तर गेल्या साली बी व्हता."

संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं: यंदाची पेटी आखूड. मग ज्याने त्याने आपली उंची काढली. उंच माणसं आलेला खोकलाही दाबू लागली. बुटकी माणसं एकमेकांकडे बघेनात. दामू मास्तरांनी तीन रविवार विनोद केला नाही. पलीकडची धोंडूबाई, शेतकऱ्याघरची, हिंदू, आवडीची जुनी मैत्रीण, ती कंबरेवर हात ठेवून कारखान्याच्या दारात उभी राहिली.

"अगं बाय! ही कोनाची रं, गिदू? बाईमानसाची वाटतीया."

"कोणाची नाय. चुकून झाली."

"असं चुकून व्हतंय व्हय? हात आपसूक चालला म्हंजे कायतरी चालवणारं असतंय बग. पोशीरला भगत हाय आमचा, इचारून यीन का?"

"नको."

"नको तर नको. पन मी आपली बोलले."

ती आपली बोलली आणि गेली. गिदोन तिथेच उभा राहिला. कायतरी चालवणारं असतंय. जन्माचा ख्रिस्ती माणूस, भगताच्या अंगाऱ्याला कधी हात न लावलेला. पण ते वाक्य त्याच्या अंगात असं शिरलं की निघेना.

पाऊस वाढला तसं माळ्यावरचं लाकूड फुगायला लागलं. घाटावर गाड्या ढकलणारी इंजिनं यार्डात आली की कारखान्याची जमीन हादरायची, आणि वरून आवाज यायचा: कुर्र. ठक. लाकूड का करकरतं हे गिदोनइतकं त्या तालुक्यात कोणाला ठाऊक नव्हतं. तरी ठक झालं की तो हातातलं काम टाकून घरात जायचा, आवडीचा श्वास चालू आहे ना ते बघायचा.

"काय झालं?"

"काय नाय. पाणी प्यायला आलो."

"आताच तर प्यालात."

जुलैच्या मध्याला पोस्टकार्ड आलं. खाट रिकामी होत आहे, सहा ऑगस्टला सकाळी पेशंटला घेऊन यावे, सोबत जबाबदार नातेवाईक असावा. गिदोनने ते कारखान्याच्या दारातच पोस्टमनच्या हातून घेतलं. दोनदा वाचलं. वरून आवाज आला: ठक.

त्याने कार्ड जुन्या रंध्याच्या खोक्यात, पात्याखाली सरकवलं.

आवडी विचारायची, "पत्र नाय आलं?"

"पावसात टपाल अडकतंय."

"गाठ नाय ना अडकत," ती म्हणायची आणि कूस बदलायची.

तो दुष्ट नव्हता. त्याचा हिशेब त्याच्या परीने सरळ होता: तिला तिथे नेलं की ते कापणार; कापलं की ती त्या पेटीत येणार; नेलंच नाही तर पेटीला ती सापडणार कशी? हे वेडेपण आहे हेही त्याला कळत होतं. रविवारी पाळकसाहेब कल्याणहून यायचे. त्यांचा सूर असा की प्रत्येक शब्दाला पालखीत बसवून फिरवतील: "प्रि-य-जन-हो, भि-ऊ नका!" गिदोन पासष्टच्या बाकावर बसून "आमेन" म्हणायचा, आणि बाहेर पडला की पहिली नजर माळ्याकडे.

जुलै संपता संपता आबाजी गार्ड गेले. पेन्शनीतले, सहा फुटांना दोन बोटं कमी, आणि आवाज त्याहून लांब. कारखान्यावरून जाताना मान वर करणारा वस्तीतला हा एकटाच माणूस होता. रोज ओरडायचे, "काय मिस्त्री, शेवटचा डबा कायम गार्डाचा बरं का!" सकाळी चहाची बशी हातात असतानाच गेले.

गिदोन पळतच त्यांच्या घरी पोचला. दुःख होतंच; पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते उड्या मारत होतं. पेटी जाईल. आज जाईल, मातीत जाईल, सुटलो.

"पेटी तयार हाय," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांना त्याला "काय?" विचारावं लागलं नाही.

"ती आखूड हाय ना, मिस्त्री?" सदू म्हणाला.

"बसवू. गुडघे जरा वळवले का बसतील."

आबाजींची बायको भागूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर केली.

"गुडघे वळवता? चाळीस वर्षं हा मानूस गार्डाच्या डब्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला. आता तरी पाय सोडू द्या की त्याला."

"भागूबाई, लाकूड ओलं हाय, दुसरी व्हणार नाय..."

"मंग मला बी घाला तीत, मी मावते! पन यांचे गुडघे वळवायचे नाय!"

शेवटी दामू मास्तरांनी वाट काढली. प्रार्थनाघरातली बाकं वाळलेल्या लाकडाची होती आणि पुरत्या सहा फुटांची. बासष्टचं, त्रेसष्टचं आणि पासष्टचं बाक बाहेर आणलं. पाऊस पत्र्यावर आपटत होता. गिदोन प्रार्थनाघराच्या ओसरीत बसून एकेक खिळा उपसत होता आणि त्या फळ्यांची पुन्हा पेटी करत होता. ज्या पेट्या आपण टाळल्या असं वस्ती समजत होती, त्यांतली एक आज परत मागून घेतली गेली होती. पुढच्या रविवारी तरणी माणसं भिंतीला टेकून उभ्यानेच गायली.

आणि आखूड पेटी माळ्यावर राहिली. मरण वस्तीत येऊन गेलं, तिला हात न लावता. म्हणजे ती आबाजींची नव्हतीच. गिदोनला आता शंकाच उरली नाही.

भागूबाईला मात्र ते गुडघे विसरता येईनात. चौथ्या दिवशी आवडी तिला भेटायला गेली तेव्हा ती म्हणाली, "तुजा नवरा गं काय घाईला आल्याला! मुंगीला वाट देनारा मानूस, आन् आमच्या मानसाचे पाय मोडायला निघाला. त्या पेटीला एवढा का भितो?"

आवडी घरी आली ती थेट कारखान्यात गेली. गिदोन स्टेशनाकडे कुणाची खिडकी बसवायला गेला होता. तिने कोपरा पाहिला. सहाफुटी पट्टी होती. दुसरी नव्हती. खाटेची पट्टी कुठे गेली? पोत्याखाली सापडली. तिने ती स्वतःच्या अंगाला लावली, वरची पेन्सिलीची रेघ बोटाने चाचपली, आणि वर माळ्याकडे पाहिलं. मग सदूला हाक मारून पेटी खाली उतरवायला लावली.

दुपारी तीनच्या सुमारास गिदोन परतला. पाऊस थांबून उघडीप पडली होती, दारातून उन्हाची तिरीप आत आली होती. भुशात पेटी ठेवलेली, झाकण बाजूला, आणि आत आवडी हात छातीवर घेऊन सरळ पडलेली.

त्याच्या हातातली हत्यारांची पिशवी खाली पडली.

"ओरडू नका," आवडी आतून म्हणाली. "जिवंत हाय. बघा, बसते का बरोबर."

"ऊठ! आवडे, ऊठ आधी!"

"टाचेला लाकूड लागतंय, डोक्याला लागतंय. सुतार चांगला हाय माझा नवरा. एका सुताचा फरक नाय."

तो पेटीशेजारी बसला. मग सगळंच बाहेर आलं. पट्टी कशी उचलली गेली, धोंडूबाई काय म्हणाली, माळा कसा बोलतो. ती पडल्या पडल्या ऐकत होती.

"पट्टी तुमी चुकून उचललीत. त्यात देवाचं बोलणं कुठं आलं?"

"आणि चुकून नसंल तर?"

"नसंल तर तो पेटीत बी हाय."

"तू बोलतेस सोपं."

"सोपं? गाठ माझ्या पोटात हाय. मी नाय का भिऊन काढले हे दोन महिने? पण मी भिऊन त्याच्याकडं जाते. तुमी भिऊन या फळीकडं जाता. रविवारी म्हणता प्रभू मेलेल्यांतून उठला, आन् सोमवारी सकाळी माळ्याला नमस्कार घालता." ती थांबली, पोट दाबून श्वास घेतला. "सुतारच होता ना तो? तुमच्याच धंद्यातला. त्याला कोणी पेटी केली नाय. परक्याचं थडगं घेतलं, ते बी तिसऱ्या दिवशी मोकळं करून दिलं."

गिदोनने तिला उठवायला हात पुढे केला.

"झाकण लावा," ती म्हणाली.

"वेडी झालीस?"

"लावा. मी हाय आत."

का कोण जाणे, त्याने लावलं. स्वतःच्या हाताने. फळी फळीवर बसली आणि आवडी दिसेनाशी झाली. दोन महिने ज्याला तो भीत होता ते डोळ्यांसमोर, भर दुपारी, पुरं झालं होतं. त्याचे हात झाकणावर होते.

"ऐकू येते का मी?" आतून, लाकडाखालून.

"येतेस."

"तुमाला येते. मंग त्याला नाय येणार?"

यार्डातून इंजिन गेलं, जमीन हादरली, झाकण करकरलं. लाकूड फुगलंय, त्याच्या मनात आलं. आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या मनात तेवढंच आलं. त्याने झाकण काढलं. तिला काखेत हात घालून उठवलं. ती घामाने भिजली होती, ओठ पांढरे पडले होते. आत पडून राहणं तिला किती जड गेलं होतं ते त्याला आत्ता दिसलं.

मग तो उठला, जुन्या रंध्याच्या खोक्यातून पोस्टकार्ड काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

आवडीने वाचलं. त्या दिवशी तारीख होती चार ऑगस्ट. सहाला दोन दिवस उरले होते.

"हे कधी आलं?"

"पंधरा-वीस दिवस झाले."

ती रागावली. चांगलीच रागावली. "टपाल अडकलं म्हणे! हे अडकलं व्हय टपाल?" कार्ड त्याच्या तोंडावर फेकलं, "माझा जीव काय तुमची पट्टी हाय, पोत्याखाली घालायला?" असं म्हणाली, आणि मग रडली. त्याने ऐकून घेतलं. भुशात गुडघे टेकून त्याने डोळे मिटले, आणि पाळकसाहेबांचा पालखीचा सूर नाही की वस्तीतला पाठ केलेला नाही, आपल्या त्या हळू, अडखळत्या आवाजात म्हणाला:

"प्रभू, ही पेटी मी केली. हिला तुझ्याहून मोठं मीच केलं. ही बाई उद्या ऱ्हाईल का जाईल, मला कळत नाय. मला कळायला पाहिजे असा हट्ट होता माझा. तो घे. ऱ्हाईली तरी तू, गेली तरी तू. मला नुसतं तिच्यासंगं चालायचं बळ दे. आमेन."

"आमेन," आवडी म्हणाली. नाक पुसलं आणि म्हणाली, "उठा आता. माझी लुगडी वाळत नाय घातलेली, परवा काय नेसून जाऊ?"

पाच तारखेला पावसाने जोर धरला. उल्हास नदीचं पाणी पुलाच्या खांबांना चढलं, आणि सदू बातमी घेऊन आला की रुळांवर पाणी येणार, गाड्या बंद होणार. धोंडूबाई म्हणाली, अमावस्या फार लांब नाही, बाईमाणसाला घराबाहेर काढू नये. गिदोन भीत भीतच उठला, आणि सहा तारखेच्या गाडीची वाट न बघता त्याच दुपारी मिळेल त्या गाडीने आवडीला घेऊन निघाला. पेटी कारखान्याच्या दारात, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. सदूला म्हणाला, "कुणाला लागली तर न्या. मला विचारत बसू नका."

दवाखान्यात सहा तारखेला सकाळी एका कारकुनाने त्याच्यापुढे कागद सरकवला. मान वर न करता, पाढे म्हटल्यासारखा बोलत होता: "पेशंटला गुंगी देताना किंवा कापताना काही बरंवाईट झालं तर जबाबदारी आमची नाही, तुम्हाला समजलं, मान्य आहे, इथे सही, इथे नाव, इथे नातं."

"बरंवाईट" या शब्दावर गिदोनचं बोट थांबलं. त्याने कागद पुरा वाचला, एकेक ओळ. मागची माणसं चुळबुळत होती. मग त्याने टाक घेतला आणि सही केली: गिदोन, पुढे बापाचं नाव, पुढे आडनाव. नातं: नवरा. अक्षर तेवढं तिरकं आलं.

आवडीला ढकलगाडीवरून नेलं. दाराशी ती म्हणाली, "भाकरी पिशवीत हाय. खा." दार बंद झालं.

"तीन तरी वाजतील," नर्स म्हणाली.

बाकावर शेजारी एक जाडसर माणूस बसला होता, हातात तसलाच कागद, सही न केलेला. कागद घामाने मऊ झाला होता.

"तुमचं कोण आत?" त्याने विचारलं.

"बायको."

"माझी आई. मला सही करवत नाही हो. तुम्हाला भीती नाही वाटली?"

गिदोनने फडकं सोडलं. आत दोन भाकऱ्या होत्या, सुक्या बोंबलाची चटणी होती. बंद दाराकडे त्याने एकदा पाहिलं.

"वाटली. अजून हाय," तो म्हणाला. "ती भीती घेऊनच प्रभूकडं गेलो." मग एक भाकरी मोडून अर्धी शेजाऱ्याच्या हातावर ठेवली. "जेवा आधी. मंग दोघं मिळून वाचू तुमचा कागद."